रेस वाढवली तरी लोडर हळूच: मिनी ट्रॅक्टरच्या मंदावलेल्या हायड्रॉलिकचा शोध

आमच्याकडे 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग म्हटली की दोन ओळींत आठ-नऊ फुटांचं अंतर आणि वर मांडवाच्या तारा. तिथे मोठा ट्रॅक्टर घालायची सोय नाही, म्हणून ब्लोअर, रोटाव्हेटर, ट्रॉली सगळी कामं ह्या एकावरच. शेणखत आणि माती उचलायला पुढे छोटा लोडर बसवून घेतलाय, मागे उलटणारी हायड्रॉलिक ट्रॉली आहे. गेल्या हिवाळ्यात ही दोन्ही औजारं मंदावली. लिव्हर ओढला की लोडरचे हात आधी थोडं थांबायचे, मग सावकाश वर निघायचे. ट्रॉली उलटायला इतका वेळ लागायचा, की माणूस खाली उतरून फाळका उघडून परत आला तरी ती अर्ध्यावरच असायची.

ताकद मात्र कमी झाली नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे. भरलेला बकेट उचलला जात होता, शेणखताने शिगोशीग भरलेली ट्रॉलीही उलटत होती. फक्त वेळ लागत होता.

सुरुवातीला सगळ्यांनी थंडीवर ढकललं. आमच्याकडची थंडी दरवर्षी पेपरात येते. पारा पाच-सहा अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत ऑइल घट्ट होतं आणि हायड्रॉलिक सुस्तावतं हे खरंच आहे. दुपारी जरा बरं चालायचं, त्यामुळे कुणाला वेगळी शंका आली नाही. पण फेब्रुवारी सरला, उन्हं तापायला लागली, काढणी संपत आली, तरी लोडर काही सुधारेना. पुढे खरड छाटणीच्या, म्हणजे काढणीनंतरच्या छाटणीच्या, आधी वेलींलगत खोदलेल्या चाऱ्यांत शेणखत भरायचं होतं. त्या कामात लोडर दिवसभर चालतो. एका बकेटमागे दहा सेकंद जास्त गेली तरी संध्याकाळपर्यंत दीड-दोन ट्रॉल्या कमी पडतात, आणि मजूर हात बांधून उभे राहतात ते वेगळंच.

मिस्त्रींना बोलावलं. आमच्या भागातल्या निम्म्या ट्रॅक्टरांची कामं तेच करतात, हाताला चांगलं वळण आहे. त्यांनी लोडर दोनदा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, पंप बसलाय. बदलून टाकू." पंप जुना होता, त्यामुळे त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नव्हता. पण पंप ही ह्या सगळ्या साखळीतली सगळ्यात महागडी वस्तू. ती बदलायची तर ती बिघडल्याचा काहीतरी पुरावा हाती असावा असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, आधी मोजून बघू. पंपच निघाला तर बदलू, काही हरकत नाही." ते तयार झाले.

त्यांनी सोबत प्रेशर गेज आणलं होतं. लोडरच्या लाइनला गेज लावून, हात पूर्ण वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरला. काटा चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास जाऊन थांबला आणि रिलीफ व्हॉल्व्हची शिट्टी सुरू झाली. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला हे धरूनच होतं. प्रेशर पूर्ण, मग वेग का नाही, असा पेच पडला. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या एकाने उपाय सुचवला, "रिलीफच्या स्प्रिंगखाली एक वायसर घाला, प्रेशर वाढेल, पळायला लागेल." हा उपाय गावोगाव चालतो. मी त्याला साफ नकार दिला.

का, ते सांगते. हायड्रॉलिकमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. औजार किती वजन उचलेल हे दाबावर ठरतं. ते किती लवकर उचलेल हे मिनिटाला किती लिटर ऑइल जॅकमध्ये, म्हणजे औजार उचलणाऱ्या सिलिंडरमध्ये, जातं त्यावर ठरतं. रिलीफ व्हॉल्व्ह फक्त दाबाची कमाल मर्यादा ठरवतो. त्याखाली वायसर घातला तर पंप जास्तीचं ऑइल देणार नाही. पाइप, सील आणि पंपाचं घर ह्यांच्यावर मात्र कंपनीने धरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताण येईल. लोडर वर असताना पाइप फुटला तर बकेट खाली कोसळतो, आणि खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही. वेगाचं दुखणं असताना रिलीफला हात लावू नये, ह्याबद्दल माझ्या मनात कुठलाही किंतु नाही.

गेजचं म्हणणं समजून घ्यायला मला आमच्या ठिबकचा उपयोग झाला. फिल्टर चोंदलेला असला आणि पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद असले तर फिल्टरच्या पुढचं गेजसुद्धा पूर्ण दाब दाखवतं, कारण पाणी वाहतच नसतं. व्हॉल्व्ह उघडला की काटा पडतो. हात टोकाला गेल्यावर लोडरच्या लाइनमध्येही ऑइल पुढे वाहत नाही. तिथे थोडंसं ऑइल पोचलं तरी काटा पूर्ण चढतो. म्हणजे हात टोकाला नेऊन घेतलेल्या प्रेशरच्या चाचणीने रिलीफ ठीक आहे एवढं कळलं. पंप किती ऑइल देतोय आणि वाटेत ते कुठे अडतंय, ह्याबद्दल तिने काहीच सांगितलं नाही.

मग वाहणारं ऑइल मोजायचं कसं? त्याचं फ्लो मीटर मिळतं, पण आमच्या मिस्त्रींकडे नव्हतं. तेव्हा जॅकलाच माप केलं. जॅकचा आतला व्यास आणि दांड्याची चाल कळली की त्यात किती ऑइल मावतं ते काढता येतं: व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 गुणिले चाल, सगळं सेंटिमीटरमध्ये. उत्तर घन सेंटिमीटरमध्ये येतं, हजाराने भागलं की लिटर. लोडर उचलणारे दोन जॅक, प्रत्येकाचा आतला व्यास 5 सेंटिमीटर, चाल 40 सेंटिमीटर. एकात 785 घन सेंटिमीटर, दोघांत मिळून साधारण 1.57 लिटर. ट्रॉलीचा जॅक 8 सेंटिमीटर व्यासाचा, चाल 80, म्हणजे जवळपास 4 लिटर. आतला व्यास बाहेरून मोजता येत नाही, तो ज्यांनी जॅक बनवला त्यांना विचारून घेतला.

पंपाच्या पट्टीवरून तो एका फेऱ्यात 8 घन सेंटिमीटर ऑइल देतो हे कळलं. आमच्यात पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो. 2000 आरपीएमला मिनिटाला 16 लिटर, 1000 ला 8 लिटर. थोडी गळती धरूनसुद्धा पूर्ण रेसवर लोडर सहा-सात सेकंदांत वर जायला हवा आणि रिकामी ट्रॉली पंधरा-सतरा सेकंदांत. आता मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं की झालं.

मोजलं. 2000 आरपीएमला ट्रॉली 40 सेकंद. 1000 आरपीएमला 43 सेकंद. लोडर दोन्ही रेसवर सोळा-सतरा सेकंद.

हे आकडे पाहून मिस्त्री आणि मी दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. इंजिन दुप्पट फिरतंय, पंप दुप्पट फिरतोय, आणि औजाराला त्याचा पत्ताच नाही. पंप झिजलेला असता तर असं झालं नसतं. झिजलेल्या पंपात गिअर आणि घर ह्यांच्या फटीतून ऑइल मागे गळतं. ती गळती मुख्यतः दाबावर आणि ऑइलच्या पातळपणावर ठरते, फेऱ्यांशी तिचा फारसा संबंध नाही. त्यामुळे फेरे वाढवले की गळतीचा वाटा लहान होतो आणि औजार चांगलंच सुधारतं. शिवाय ऑइल तापून पातळ झालं की गळती वाढते, म्हणजे झिजलेला पंप दुपारी जास्त रडतो. आमचं नेमकं उलट होतं. सकाळी वाईट, दुपारी थोडं बरं, आणि रेसचा उपयोग शून्य. ह्याचा अर्थ पंपाला ऑइल पुरेसं मिळतच नव्हतं. तो जितकं ओढू पाहत होता तितकं वाटेत अडत होतं, आणि घट्ट थंड ऑइल जास्त अडत होतं.

आवाजही तेच सांगत होता. रेस वाढवली की सीटखालून बारीक, चढत जाणारं कण्हणं ऐकू यायचं. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, दोन महिन्यांपासून म्हणत होते की ट्रॅक्टर विव्हळतोय. पंपाच्या तोंडाशी ऑइल कमी पडलं की तिथे पोकळी होते, तिचे बुडबुडे दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात आणि हा आवाज येतो. असंच बरेच दिवस चालवलं तर ते बुडबुडे पंपाचा धातू टोचून टोचून खातात. म्हणजे चांगला पंप ह्याच दुखण्याने पुढे खरोखर गेला असता.

ऑइलची तपासणी ह्याआधी झालीच होती, तरी पुन्हा केली. ट्रॅक्टर सपाट जागी, लोडर जमिनीवर, ट्रॉलीचा जॅक पूर्ण मिटलेला, मग ऑइलची पातळी दाखवणारी काडी पाहिली. आमच्यासारख्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर बॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. ट्रॉली उलटली की त्यातलं चार लिटर बाहेर जातं, म्हणून पातळी काठावर असेल तर ट्रॉली वर गेल्यावरच पंप हवा ओढायला लागतो. आमची पातळी बरोबर होती. काडीवर फेस नव्हता, म्हणजे ओढणाऱ्या पाइपातून हवा शिरत नव्हती. रंग दुधाळ नव्हता, म्हणजे पाणी नव्हतं. ऑइलचा नंबर पुस्तकाप्रमाणे होता. हे सांगते, कारण कमी पडलेल्या जागी नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतायची सवय आमच्याकडे सर्रास आहे, आणि ते घट्ट ऑइल थंडीत पंपाच्या तोंडाशी येता येत नाही. सीटखालच्या नॉबकडेही काहींनी बोट दाखवलं. आमच्या ट्रॅक्टरला तो नॉब फक्त मागची लिफ्ट किती वेगाने खाली यावी ते ठरवतो, वर जाण्याच्या वेगाशी त्याचं देणंघेणं नाही.

उरली ती जाळी. गिअर बॉक्सच्या पोटाशी, पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर ती बसलेली असते. काढायची तर आधी ऑइल उतरवावं लागतं, म्हणून सर्व्हिसिंगमध्येही तिच्याकडे दुर्लक्ष होतं. स्वच्छ पिंपात ऑइल उतरवलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. बोटांत चोळला तर टोचणारं काही नव्हतं, मिस्त्री म्हणाले एवढी झीज चालायचीच. मग झाकण सोडून त्यांनी जाळी बाहेर ओढली.

जाळीची तार दिसतच नव्हती. तिच्यावर तपकिरी नमद्यासारखा थर बसला होता, नखाने उचलला तर सलग सालीसारखा निघाला. त्यात कापडाचे धागे होते, पुसायच्या चिंध्यांचे. आणि त्या धाग्यांत गुंतलेले काळ्या रबरासारखे लांबट तुकडे, शेवयांएवढे जाड. मिस्त्रींनी एक तुकडा ताणून पाहिला आणि लगेच ओळखला. आदल्या पावसाळ्यात गिअर बॉक्सच्या कामासाठी ट्रॅक्टर फोडला, म्हणजे मधून दोन भागांत खोलला होता. जोडताना दोन घरांच्या मध्ये सिलिकॉनचं गॅस्केट लावतात. ते जास्त लावलं की दाबल्यावर अर्धं बाहेर येतं आणि अर्धं आत जातं. बाहेरचं दिसतं म्हणून पुसलं जातं. आतलं ऑइलमध्ये सुटतं आणि फिरत फिरत जाळीवर येऊन बसतं. ते काम दुसरीकडे झालं होतं, पण त्याचा दोष आता कुणावर लावून काय उपयोग होता? तेव्हापासून महिन्या-महिन्याने हा थर जाड होत गेला असणार, म्हणूनच अमुक दिवसापासून बिघडलं असं आम्हाला सांगता येत नव्हतं.

जाळी डिझेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने धुतली आणि कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारली. बाहेरून आत मारली तर कचरा तारेत आणखी रुततो. जाळीच्या कॉलरची ओ-रिंग चपटी झाली होती, ती नवी टाकली, नाहीतर आता हवा शिरायला लागली असती. प्रेशर लाइनचा फिल्टर बदलला. ऑइल बदलायची वेळ तशीही आलीच होती, म्हणून नवंच भरलं. इंजिन हळू रेसवर ठेवून औजारं सावकाश काही वेळा वर-खाली केली, आतली हवा निघू दिली, पुन्हा काडी पाहिली.

ट्रॉली: पूर्ण रेसवर 17 सेकंद. 1000 ला 33. रेस दुप्पट, वेळ निम्मा, जसं हवं तसं. कण्हणं बंद. मागची लिफ्ट झटकन उठायला लागली.

लोडर: 13 सेकंद.

सुधारला होता, पण सहा-सात कुठे आणि तेरा कुठे. मजुरांना सांगून टाकलं होतं की उद्यापासून शेणखत भरू, आणि मिस्त्रीही सामान आवरायला लागले होते. मी त्यांना थांबवून 1000 आरपीएमला पुन्हा मोजायला लावलं. चौदा सेकंद. इथेही रेसचा उपयोग नव्हता. पण ह्या वेळी आवाज वेगळा होता. पूर्ण रेसवर रिकामा बकेट उचलतानाच रिलीफची शिट्टी वाजत होती. रिकाम्या बकेटला दीडशे किलो दाब लागायचं काही कारण नाही. म्हणजे आता पंप ऑइल भरपूर देत होता, पण पुढे कुठेतरी वाट अरुंद होती, आणि न मावणारं ऑइल रिलीफवरून मागे टाकीत पडत होतं. पहिलं दुखणं पंपाच्या अलीकडे होतं, दुसरं पलीकडे. जाळी चोंदलेली असताना पंपातून येणारं ऑइलच इतकं थोडं होतं की ते ह्या अरुंद वाटेतूनही निभून जात होतं. त्यामुळे दुसरं दुखणं झाकलं गेलं होतं.

लोडरच्या दुसऱ्या जॅकवर, म्हणजे बकेट वळवणाऱ्यावर, काही परिणाम नव्हता. तो झटकन वळायचा. मग पंप, रिलीफ आणि व्हॉल्व्हकडे येणारा पाइप हे सगळं सुटलं. राहिले उचलण्याचा स्पूल (लिव्हरने व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा), त्याचे कपलर (पाइप चटकन जोडायचे-सोडायचे तुकडे), पाइप आणि जॅक. इथे मिस्त्रींनी सुंदर युक्ती केली. बकेट जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं, लिव्हर दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब सोडला आणि उचलण्याचे पाइप काढून बकेट वळवण्याच्या कपलरना जोडले, वळवण्याचे उचलण्याला. आता लिव्हर उलटे झाले. मंदपणा कुठे जातो ते बघायचं. जुन्याच लिव्हरवर राहिला तर दोष स्पूलमध्ये, पाइपांबरोबर गेला तर पाइपांत किंवा जॅकमध्ये. तो पाइपांबरोबर गेला. एक नट न खोलता व्हॉल्व्ह सुटला.

जॅकची शंका त्याआधीच फिटली होती. मातीने भरलेला बकेट वर उचलून इंजिन बंद ठेवलं होतं आणि हाताच्या खांबावर खडूची रेघ मारली होती. बकेट खाली बसला, पण बोटाच्या पेराएवढाही नाही. आतून मोठी गळती असती तर तो बहुधा डोळ्यांदेखत उतरला असता. अशा वेळी बकेटखाली किंवा हातांखाली कुणीही जायचं नाही, आणि ट्रॉली वर असताना तिच्या बॉडीला चासीवरून टेकू लावल्याशिवाय तिच्याखाली वाकायचंही नाही. आमच्या तालुक्यात असे अपघात झालेत, म्हणून हे लिहिताना माझा हात आखडत नाही. तसंच बारीक गळती शोधायला पाइपावरून हात फिरवायचा नाही. सुईच्या छिद्रातून दीडशे किलोच्या दाबाने येणारं ऑइल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, दुखतही फारसं नाही, पण आत मांस सडायला लागतं आणि हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, ऑइल त्याच्यावर दिसतं. तरी कुणाला लागलंच तर मलम लावत बसू नये, तातडीने मोठ्या दवाखान्यात न्यावं आणि हायड्रॉलिक ऑइल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

उरले पाइप आणि कपलर. ऑइल अरुंद जागेतून जोराने ढकललं की तिथे उष्णता होते. जवळच्या पॅक हाउसमधल्या इलेक्ट्रिशियनकडे मोटारींच्या बेअरिंगचं तापमान पाहायची इन्फ्रारेड बंदूक असते, ती तासाभरासाठी मागून आणली. लोडर बराच वेळ वर-खाली केला आणि पाइपावर जागोजागी बंदूक धरली. सगळीकडे चाळीस-पंचेचाळीस अंश. उचलण्याच्या एका कपलरवर मात्र त्याहून स्पष्ट जास्त. बाकी काही विचारायची गरज उरली नाही.

कपलर काढून दोन्ही अर्धुकं हातात घेतली. बागेत फवारणी असली की लोडर उतरवावा लागतो, त्यामुळे हे कपलर वर्षभर लागत-सुटत असतात. आमच्या त्या जोडीतलं नर अर्धुक मागच्या हंगामात गळायला लागलं म्हणून नवं आणलं होतं, मादी जुनीच. आटे बरोबर, साइज अर्धा इंच, लागताना टक् आवाजही येई. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. दोन्ही अर्धुकांत स्प्रिंगवर बसलेली एकेक गोळी असते. जोडल्यावर त्या एकमेकींना टोकाने मागे ढकलतात आणि ऑइलला वाट मोकळी होते. दोघी सारख्याच मागे सरायला हव्यात. आमच्यात नव्या अर्धुकाची स्प्रिंग कडक, जुन्याची बसलेली. जुनी गोळी पार मागे जात होती आणि नवी जेमतेम हलत होती. मिस्त्रींनी जुन्या गोळीवर अंगठा टेकला तर ती सहज आत गेली, नव्या गोळीला स्क्रू ड्रायव्हरची मूठ लावावी लागली. तिच्याभोवती उघडत होती ती फट जाड पुठ्ठ्याएवढी. सगळं ऑइल तेवढ्यातून जात होतं. खाली येतानाही लोडर जरा रेंगाळतच यायचा, पण सावकाश उतरलेला बकेट बरा वाटतो, म्हणून तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

पिंपळगावहून एकाच कंपनीच्या पूर्ण जोड्या आणल्या, चारही ठिकाणच्या. लोडर साडेसहा सेकंदांत वर. शिट्टी फक्त हात टोकाला गेल्यावर. जाळीचं सामान, फिल्टर, कपलर आणि मजुरी मिळून झालेला खर्च पंपाच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नव्हता. ऑइल तर भरायचंच होतं.

एक गोष्ट मात्र आम्ही बदलली, आणि ती आमच्या गावापुरती तरी महत्त्वाची आहे. हंगामात ट्रॉल्या एकमेकांना दिल्या-घेतल्या जातात, ते बंद करता येणार नाही, करूही नये. पण ट्रॉलीच्या जॅकमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचं ऑइल असतं आणि ती आपल्याला जोडली की ते आपल्या गिअर बॉक्समध्ये येतं. त्याच्याबरोबर त्याचं पाणी आणि कचराही येतो. कपलर मातीत लोळलेला असेल तर ती मातीही. म्हणून आता प्रत्येक कपलरला रबरी टोपण आहे, जोडण्याआधी डिझेलच्या फडक्याने पुसायचं, आणि ते फडकं धागे न सुटणाऱ्या कापडाचं. दुसऱ्याची ट्रॉली आली की आधी तिच्या जॅकमधलं ऑइल कसं आहे ते पाहतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने आकडे लिहून ठेवलेत: ट्रॉली 17, लोडर 6.5, आरपीएम 2000, ऑइल गरम. दर महिन्याला एकदा मोजायचं.

खरड छाटणी उरकल्यावर शेजारचे भाऊ आले. त्यांच्याकडे आमच्याच मॉडेलचा, पण कितीतरी जुना ट्रॅक्टर. त्यांचीही ट्रॉली उशिरा उलटायला लागली होती, आणि आमची हकिगत ऐकून ते जाळी धुवायच्या तयारीने आले होते. मी म्हटलं, "भाऊ, आधी मोजू." आमचीच ट्रॉली जोडली. सकाळी थंड ऑइलवर, पूर्ण रेसला 17 सेकंद, काहीच तक्रार नाही. दुपारपर्यंत रोटाव्हेटर मारून ऑइल चांगलं तापल्यावर पूर्ण रेसला 22 आणि 1000 आरपीएमला मिनिटाच्या वर. तापल्यावर वाईट, रेस दिली की सुधारतं, कण्हणं नाही, वाटेत कुठे शिट्टी नाही. मिस्त्रींनी आकडे पाहिले आणि ह्या वेळी पंप उघडला. गिअरच्या बाजूच्या पट्ट्यांवर गोल खाचा पडल्या होत्या, नख अडकेल इतक्या खोल. पंप बदलला, आणि गरम ऑइलवर 1000 आरपीएमला त्यांची ट्रॉली 32 सेकंदांत उलटली.